गार हवेची पेटी आणि भिंतीतले छिद्र

#इतिहास_धागा

१/ मित्रहो, मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या एका वाचकाने परवा विचारले: "दादा, १९६८ची फोर्ड मस्टँग घेतली आहे. कारखान्यातूनच बसवून आलेला एसी कैक वर्षे बंद आहे. ते सगळे काढून त्या पेटीचा नुसता हीटर करावा म्हणतो. इतिहासाच्या दृष्टीने हा अपराध ठरेल का?" प्रश्न गॅरेजमधला आहे, तरी त्याचे उत्तर इतिहासाच्या अभ्यासकानेच द्यावे असे मला वाटते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ माझे मत आरंभीच सांगून टाकतो. गारवा काढून ऊब ठेवणे हा अपराध नव्हे. पत्रा कापणे, काढलेले भाग भंगारात देणे आणि पुढे गाडी विकताना "ही अशीच आली होती" असे सांगणे, हे तीन अपराध आहेत. या मतापर्यंत मी कसा पोहोचलो, त्यासाठी त्या पेटीचा इतिहास थोडा उलगडावा लागेल.

३/ आरंभीच्या मोटारी उघड्या होत्या. थंडीत प्रवासी अंगावर जाड घोंगडी घेत आणि पायांशी निखाऱ्यांची शेगडी ठेवत. बंद केबिन रूढ झाल्यावर इंजिनाच्या धुरांड्याभोवती पत्र्याचे आवरण घालून तिथली तापलेली हवा आत घेण्याची युक्ती निघाली. फोर्डच्या मॉडेल ए गाडीसाठी असे हीटर मिळत. त्यात धोका उघड होता. धुरांड्याला बारीकशी चीर गेली, तरी गंध नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साईड थेट प्रवाशांच्या श्वासात जाई.

४/ पुढचा उपाय अधिक शहाणपणाचा होता. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारे गरम पाणीच एका छोट्या जाळीतून केबिनमध्ये फिरवायचे आणि तिच्यावर पंख्याने वारा घालायचा. ही जाळी म्हणजे हीटर कोअर. इंधनातल्या ऊर्जेचा मोठा वाटा अशा पाण्यातून नाहीतरी वायाच जात असतो. म्हणून मोटारीतली ऊब जवळपास फुकट असते. गारव्याचे तसे नाही. त्यासाठी इंजिनाला कॉम्प्रेसर ओढावा लागतो. ऊब हे इंजिनाचे उष्टे, तर गारवा ही त्याच्याकडून वसूल केलेली खंडणी. हा भेद पुढे कामास येईल.

५/ १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत सोडणारी व्यवस्था आणली आणि दुसऱ्याच वर्षी तिला थर्मोस्टॅट जोडला. 'वेदर आय' हे तिचे नाव. आज आपण ज्याला मोटारीतला हीटर म्हणतो, त्याचा साचा तेव्हा घडला. आदल्याच वर्षी नॅश आणि फ्रिज बनवणारी केल्व्हिनेटर यांचे विलीनीकरण झाले होते, हे ध्यानात ठेवा.

६/ गारव्याचा पहिला प्रयोग पॅकार्डचा. १९४०च्या मॉडेलांसाठी त्यांनी २७४ डॉलरांत एअर कंडिशनर देऊ केला. गार करणारी कॉइल मागच्या डिकीकडे होती, त्यामुळे सामानाची जागा गेली. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. गारवा नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा उतरवायचा! १९४१नंतर पॅकार्डने तो नाद सोडला. ही यंत्रणा काढून टाकण्याची हौस तिच्या जन्माइतकीच जुनी आहे म्हणायला हरकत नाही.

७/ महायुद्धानंतर विषय पुन्हा निघाला. १९५३ साली क्रायस्लरने इंपीरियल गाडीत 'एअरटेम्प' आणला, जनरल मोटर्सने 'फ्रिजिडेअर'ची यंत्रणा दिली. गंमत अशी की ही दोन्ही नावे त्या कंपन्यांच्याच गारव्याच्या उद्योगांची. स्वयंपाकघरातला फ्रिज मोटारीत शिरला तो घरच्याच वाटेने. पण कॉइल अजून डिकीतच होती.

८/ १९५४ साली नॅशने खरी क्रांती केली. हीटर, वायुवीजन आणि गारवा हे तिन्ही गाडीच्या पुढच्या भागात, एकाच व्यवस्थेत आणले; किंमत ३४५ डॉलर. केल्व्हिनेटरशी झालेली सोयरीक इथे फळाला आली. आपल्या वाचकाच्या डॅशबोर्डखाली जी पेटी आहे, तिचे कुळ इथून सुरू होते.

९/ मस्टँगचे उदाहरण बोधप्रद आहे. १९६५ आणि १९६६च्या गाड्यांत एसी हा डॅशबोर्डखाली लटकवलेला वेगळा खोका होता, हीटर निराळा. तो खोका काढला की हीटर आपला जागच्या जागी. १९६७पासून मात्र दोन्ही एका पेटीत आले. गार कॉइल, गरम पाण्याची जाळी, हवेची वाट बदलणाऱ्या झडपा आणि त्या हलवणाऱ्या इंजिनाच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, सारे एकत्र कुटुंब. एकत्र कुटुंबातून एकाला वेगळे काढायचे म्हणजे भिंती हलणारच. वाचकाचा प्रश्न तिथून आला आहे.

१०/ आता या यंत्रणेच्या रक्ताविषयी. तिच्यात खेळणारा वायू आर-१२, बोलीभाषेत फ्रिऑन. त्याआधीच्या फ्रिजांत अमोनिया, सल्फर डायऑक्साईड, मिथाईल क्लोराईड असे घातक वायू असत. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८च्या सुमारास न जळणारा, विषारी नसणारा पर्याय शोधला. १९३० साली अमेरिकी रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. सभा थक्क झाली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्तीही याच गृहस्थाची, हे जाता जाता सांगतो.

११/ १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की हेच निरुपद्रवी वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोन नष्ट करू शकतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जगापुढे मांडली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. अमेरिकेत आर-१२चे उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबले. त्याच वर्षी मोलिना, रोलंड आणि क्रुट्झन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

१२/ याचा परिणाम गॅरेजपर्यंत आला. जुन्या गाडीतला गॅस गळून गेला की पुन्हा भरणे महाग आणि अवघड झाले. आर-१३४ए हा पर्याय होता, पण जुने खनिज तेल त्याच्याशी जुळत नाही. तेल बदला, ड्रायर बदला, नळ्या तपासा, कंडेन्सर पुरेल का पाहा. पुष्कळ मालकांनी हात टेकले. कॉम्प्रेसर उतरला, पट्टा आखूड झाला, आणि पेटी 'नुसता हीटर' झाली. ज्याला आपण एखाद्याचा खासगी निर्णय समजतो, त्यामागे एक आंतरराष्ट्रीय करार उभा असतो. मोटारीच्या इतिहासात हे मला सर्वांत रोचक वाटते.

१३/ मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला हे सारे उलटे वाटेल. एसी काढून हीटर ठेवायचा? पण मिशिगनच्या जानेवारीत उभे राहून विचार करा. शिवाय कायद्याची नजरही तीच आहे. १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत नव्या प्रवासी गाड्यांना समोरच्या काचेवरचे हिम आणि बाष्प घालवणारी व्यवस्था सक्तीची झाली. ऊब ही सुरक्षा ठरली, गारवा ऐच्छिक राहिला. म्हणून दोहोंपैकी एकच ठेवायचे, तर ऊब ठेवणे सयुक्तिक आहे.

१४/ परंतु प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. १९६९च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी अर्ध्याहून अधिक गाड्यांत एसी होता. दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत लोकवस्ती वाढली, त्या स्थलांतराचा एक साक्षीदार म्हणजे ही पेटी. ती पोकळ केली की एका समाजाने उन्हाशी कसा करार केला, त्याचा पुरावा पुसला जातो. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच 'काढणे' आणि 'पुसणे' यांत मी फरक करतो.

१५/ तो फरक कुठे दिसतो? इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पोलादी भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये. एसीच्या गाडीत तिथे गॅसच्या नळ्यांसाठी वेगळी छिद्रे असतात. ती छिद्रे पुष्कळ बोलतात. क्रायस्लरच्या विख्यात ४२६ हेमी इंजिनाबरोबर एसी मिळत नसे. १९६९च्या कॅमॅरो झेड/२८ बरोबरही मिळत नसे. अशा नावाने विकायला आलेल्या गाडीच्या भिंतीत एसीची छिद्रे, किंवा ती बुजवून घासलेले वेल्डिंग सापडले, तर जाणकाराच्या मनात पाल चुकचुकते. छिद्र बुजवणारा अनेकदा नीटनेटकेपणाच्या हौसेने बुजवतो. पण पुढच्या मालकाच्या हातून तोच नीटनेटकेपणा बनावट दस्तऐवज होऊ शकतो.

१६/ कागदही साक्ष देतात. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांच्या बॉनेटखालच्या पट्टीवर एसीचा संकेतांक एच५१ असा सापडतो. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी ऑटो वर्क्सकडून मागवता येते. म्हणजे आपल्या वाचकाची मस्टँग ही ताम्रपट आणि मंदिर दोन्ही हाती असल्यासारखी आहे. ताम्रपट म्हणतो 'एसी होता'. मंदिराने वेगळे सांगू नये, आणि सांगितलेच तर का, ते तिथेच लिहिलेले असावे.

१७/ ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, 'ट्यूरिन सनद' स्वीकारली आहे. वापरासाठी बदल अटळ असेल तर तो कमीत कमी असावा, पूर्ववत करता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असा तिचा आशय आहे. किल्ल्याच्या बुरुजावर सिमेंट फासलेले पाहून आपण हळहळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. दगडी बुरुजाला जो न्याय, तोच पोलादी भिंतीला लावावा.

१८/ आता तत्त्वातून कामाकडे. पहिली गोष्ट: यंत्रणेत गॅस उरला आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. नळी सैल करून तो हवेत सोडणे अमेरिकेत १ जुलै १९९२पासून बेकायदा आहे. प्रमाणपत्रधारक कारागिराकडून यंत्राने काढून घ्यावा. ज्या वायूमुळे हा सारा इतिहास घडला, त्याचा शेवटचा अंश आपल्या हातून आकाशात जाऊ नये.

१९/ दुसरी: कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि नळ्या बोल्ट सोडून उतरतात, त्यांच्यासाठी पत्रा कापावा लागत नाही. कंडेन्सर गेल्याने रेडिएटरला वारा अधिक लागतो, हा वरकड लाभ. पट्ट्याची लांबी नव्याने मोजावी लागते. कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणारी तार तोडू नये. टोक झाकून, गुंडाळून बांधून ठेवावी. व्हॅक्यूमची जी नळी रिकामी होईल तिचे तोंड बंद करावे, नाहीतर इंजिन उगाच अडखळते.

२०/ तिसरी, पेटीच्या आत. गार कॉइल ठेवावी की काढावी? ठेवली तर हवेला थोडा अडथळा होतो, एवढेच. काढली तर वारा मोकळा वाहतो, पण तिच्या जागी पोकळी राहते आणि काही पेट्यांत हवा गरम जाळीला वळसा घालून निघून जाऊ शकते. तिथे मापाची आडपट्टी बसवावी लागते. माझा कौल कॉइल स्वच्छ धुऊन, तोंडे बंद करून आतच ठेवण्याकडे आहे. पेटी उघडलीच आहे तर हीटर कोअरची गळती तपासावी आणि झडपांवरचा कुजलेला फोम बदलावा. तेवढ्यासाठी पुन्हा सगळा डॅशबोर्ड उपसण्याची वेळ येऊ नये. जुन्या आच्छादनांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून कोरडे खरवडू नये.

२१/ चौथी, आणि इथे प्राणाशी गाठ आहे. नळ्या काढल्यावर फायरवॉलमधली छिद्रे उघडी राहतात. त्यांतून इंजिनाच्या बाजूचा धूर केबिनमध्ये येऊ शकतो, म्हणजे धुरांड्याच्या हीटरचा तो जुना धोका पुन्हा दारात. छिद्रे बंद केलीच पाहिजेत. पण वेल्डिंगने नव्हे. मापाची धातूची पट्टी, मागे रबरी गॅस्केट, आणि शक्यतो जुन्याच स्क्रूच्या जागा. धूर थांबतो, साक्ष टिकते. पेटीतले पाणी बाहेर नेणारी नळी मात्र बुजवू नये. काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी आत आले तर त्याला वाट हवी.

२२/ पाचवी: आतलीच हवा फिरवणारी झडप. एसीच्या पेटीत ती असते, आणि नळ्या काढताना ती 'आतली हवा' याच स्थितीत अडकून राहिली तर थंडीत प्रवाशांच्या श्वासातले बाष्प काचेवर धरते. ती 'बाहेरची हवा' या स्थितीत पक्की करावी. गार कॉइल हवेतला ओलावाही शोषून घेत असे. ती सोय आता गेली, हे ध्यानात ठेवून पावसात गाडी हाकावी.

२३/ कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसीच दुरुस्त का करू नये? जमत असेल तर जरूर करावा. माझा विरोध नाही. पण आर-१३४ए देखील निर्दोष नाही. ओझोनला तो अपाय करत नाही, तरी पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्याच्यासारख्या वायूंनाही उतरती कळा लावली. वर्षातून चार रविवारी निघणाऱ्या गाडीसाठी खिडकीची काच उतरवणे हा अजूनही सर्वांत प्रामाणिक गारवा आहे.

२४/ जुनी वस्तू जपणे म्हणजे तिला एका क्षणात गोठवणे, असे मी मानत नाही. ही गाडी १९६८ची आहे तशी १९९५चीही आहे. गॅस महागला म्हणून जिचा गारवा बंद पडला, अशा असंख्य गाड्यांपैकी एक. तिचा तोही काळ खरा आहे. आपल्याला फक्त एवढे पाहायचे आहे की पुढच्या अभ्यासकाला दोन्ही काळ वाचता यावेत.

२५/ तेव्हा मिशिगनच्या मित्रा, बेलाशक काम कर. पण कापू नकोस, फेकू नकोस, लपवू नकोस. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून एका पेटाऱ्यात ठेव आणि गाडी विकशील तेव्हा तो पेटाराही दे. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे काढ. आणि शेवटी एका जाड कागदावर तारीख, काय काढले, का काढले आणि भाग कुठे ठेवले ते लिहून तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेव. शिलालेख कोरणाऱ्यानेही याहून वेगळे काही केले नव्हते.

२६/ धागा इथे संपवतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुने वाहन असेल आणि त्यात आधीच्या मालकाने केलेला एखादा बदल सापडला असेल, तर तो काय होता आणि त्याचे कारण तुम्ही कसे शोधलेत, ते खाली जरूर लिहा. मतभेद असल्यास तेही लिहा. विशेषतः कॉइल आत ठेवावी की काढावी, यावर वाद घालायला मी तयार आहे.